मागचा ब्रेक आहे, पण

तपासणीवाल्याने कागदावर लिहिलं होतं :
मागचा ब्रेक आहे, पण.
पुढे काही नाही. पूर्णविराम तेवढा ठसठशीत.
सुंद्सवालच्या त्या उबदार शेडमध्ये
रोलरवर चाक फिरत राहिलं, मी पेडल दाबतेय, दाबतेय,
आणि काटा म्हाताऱ्या मांजरासारखा
जरा मान उचलून परत झोपला.

मार्च. गॅरेजच्या दाराशी अजून गुडघाभर बर्फ.
गाडी घेतली ओंगे गावच्या एव्हर्टकडून.
पुढचे दांडे एवढे लांब
की चाक आधी पोचतं, मी बऱ्याच वेळाने.
सांगाडा त्याने स्वतः वाकवलेला,
टाकी कुठल्याशा मोपेडची,
मागचं चाक जुन्या इंग्रजी गाडीचं, ड्रमसकट.
बारा गावचं पाणी प्यायलेली गाडी.

तर, पहिल्यापासून.
ड्रम उघडला. आत काळी भुकटी, तपकिरीसारखी.
फुंकर नाही मारली, ओल्या फडक्याने टिपली.
शू काचेसारखे चकचकीत. म्हटलं, हाच आरोपी.
पॉलिश पेपरने घासले, जोडले,
उतारावर सोडून पाहिली.
गाडी थांबली खरी,
पण बर्फात रुतून.

मग ग्रीसवर संशय. सील कोरडं ठणठणीत.
मग ड्रमवरच : आरे आवळताना
तोही ओढला जातो, गोलाचा अंडाकृती होतो.
खडू टेकवून चाक फिरवलं.
रेघ सगळीकडे सारखी उमटली.

मग प्लेट मधोमध आहे का, ते.
ब्रेक दाबून धरायचा आणि धरलेला असतानाच
आसाचा नट आवळायचा. याला तीन हात लागतात.
सिक्स्टेनला हाक मारली. वय अकरा, तोंडात पाव.
दाब. धर. सोडू नकोस.
तो दोन्ही पायांनी पेडलवर चढून उभाच राहिला.
किती वेळ?
मी सांगेपर्यंत.
नट आवळला, आणि सांगायला विसरले.
तो तसाच उभा, पाव चावत,
आणि मी सहज चाक हलवून पाहिलं तर
तसूभर हलेना.
तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याऐवजी मी गुण्या आणला.
शू ड्रमला टेकतात त्या क्षणी
रॉड आणि कॅमचा दांडा यांच्यात काटकोन हवा.
होता. अगदी नव्वद.
इतकं नेमकं काम करणारा माणूस
पेडल एवढं तोकडं का ठेवेल?

फोन केला.
आमच्याकडे उत्तरेत 'हो' म्हणत नाहीत,
ओठांतून श्वास आत ओढतात.
पेडल तोकडं आहे, मी म्हटलं.
श्शुप्.
मुद्दाम?
श्शुप्.
मग इतका वेळ काही नाही
की वाटलं फोन कट झाला.
मग : एकोणऐंशी साली, लाकडाच्या गिरणीत,
घोट्यावर ओंडका आला. डॉक्टरांनी
हाडाला हाड जोडून सांधा बंदच करून टाकला.
तुम्ही घोट्याने दाबता, मी कमरेपासून ढकलायचो.
पेडल लांब असतं तर
दर वेळी चाक जाम झालं असतं.
आणि अगदी साध्या आवाजात :
ब्रेक बरोबर आहे. पाय दुसरा आहे.

मग विकली का?
आता कंबरही ऐकत नाही.

रात्री वेल्डिंग मशीन काढलं.
त्याच्या पेडलला चार बोटं लोखंड जोडलं, माझ्या मापाचं.
त्याचे टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक,
माझे कोंबडीने उकरल्यासारखे.
जोड घासून सपाट करायला हवा होता. राहिला.

सकाळी बंदराच्या रस्त्यावर,
जिथे नगरपालिकेने खडी टाकलीय,
तिसऱ्या गिअरमध्ये, नुसत्या घोट्याने, हलकेच.
मागून थांबले.
पुढच्या चाकाला ते जरा उशिरा कळलं.

मंगळवारी परत सुंद्सवाल.
सिक्स्टेन विचारतोय, मीही येऊ का,
गरज पडली तर उभा राहीन.